लेख कुणी लिहिला?

यंदा तुमच्यापैकी कुणी बातमीदार म्हणून सुरुवात करून कॉलेजच्या अंकाची संपादक झाली असेल, तर मुबारक! पेढे वाटून झाले की अलीगढची ही गोष्ट वाचा.

मौलाना हसरत मोहानी १९०३ मध्ये तिथल्या एम.ए.ओ. कॉलेजातून बी.ए. झाले आणि नोकरी न शोधता त्याच वर्षी त्यांनी ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हे मासिक काढले. १९०८ मध्ये त्यात इंग्रजांच्या इजिप्तमधील धोरणावर टीका करणारा निनावी लेख आला. लेखक कोण, हे हसरतांनी सरकारला सांगितले नाही. जबाबदारी स्वतःवर घेतली. राजद्रोहाचा खटला झाला, तुरुंगात चक्की पिसावी लागली. ज्यांना ते मानत, त्या टिळकांनाही त्याच वर्षी राजद्रोहाची शिक्षा झाली.

तुमच्याकडे पोलीस येणार नाहीत, प्राचार्यांचा शिपाई येईल. वसतिगृहातल्या पाण्यावरचा लेख कुणी लिहिला? लिहिणारी पहिल्या वर्षाची मुलगी, हॉस्टेलची खोली तिला हवीच आहे. मजकूर तुम्ही आधी नीट तपासला असेल, तरच तिच्या बाजूने उभे राहता येईल.

आपल्याकडे संपादक निवडताना शुद्धलेखन पाहतात, ओळखी तर पाहतातच. निवडीच्या मुलाखतीत हा प्रश्नही विचारला जावा, अशी आमची मागणी आहे.