स्मृतीचे गोदाम आणि लीळाचरित्रातील ‘वासना’

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘या पोरांना कळत काही नाही, नुसते पाठांतर!’ ते उच्चारणारे बहुधा मराठीचेच प्राध्यापक असतात आणि तासाभरापूर्वी त्यांनीच वर्गात नोट्स उतरवून दिलेल्या असतात. (आम्हीही वर्षानुवर्षे तेच केले, हे आधीच कबूल केलेले बरे.) आमचा आक्षेप या वाक्यामागच्या गृहीतकाला आहे. स्मृती म्हणजे जणू जिनिंगच्या आवारातले गोदाम. कापसाची गाठ ठेवली तशीच वर्षाने बाहेर काढायची. समजणे हे विद्वानाचे काम, आठवणे हमालाचे!

निदान लीळाचरित्र शिकवणाऱ्याने तरी असे मानू नये. चक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटांनी शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे नागदेवाचार्यांकडून लीळा ऐकल्या, इतर भक्तांना गाठून पडताळल्या आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीतला आद्य चरित्रग्रंथ सिद्ध केला. हा ग्रंथ मुळातच आठवणींचा. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली, असे पंथाची परंपरा सांगते. साहजिकच पाठ अनेक झाले. मात्र आठवणी जिथे जुळल्या नाहीत तिथे दुसरी आठवण खोडून टाकलेली नाही. ‘वासना’ असे म्हणून, पुष्कळदा ती कोणाची हेही नोंदवून, ती पहिलीच्या शेजारी ठेवलेली आहे.

या शब्दाकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. दर्शनांच्या परिभाषेत वासना म्हणजे अनुभवाचा चित्तात उरलेला ठसा. नैयायिकही स्मृतीची उत्पत्ती संस्कारातूनच सांगतात. पाठभेदाला असे नाव देणाऱ्यांना ठाऊक होते की एकच प्रसंग दोन चित्तांत दोन प्रकारे उमटतो. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 साली प्रयोगांच्या आधारे जे मांडले ते याहून फार दूरचे नाही. परक्या संस्कृतीतली एक कथा लोकांनी पुन्हापुन्हा आठवून सांगितली, तेव्हा अनोळखी तपशील गळाले आणि ओळखीचे त्यांच्या जागी शिरले. आठवणे म्हणजे काढून आणणे नव्हे, ती दरवेळची नवी जुळवाजुळव असते.

आता आमच्या गाइडांकडे पाहा. त्यांत वासना नाहीत, एकच ‘आदर्श उत्तर’ आहे. विद्यार्थी ते दहा वेळा वाचतो आणि आपल्याला येते असे समजतो. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या 2006 सालच्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. तेव्हा दोष पाठांतराचा नाही. आम्ही मुलांना पाठ करायला लावतो, आठवायला कधी लावतच नाही. लावतो ते थेट परीक्षेच्या मंडपात, जिथे चुकले की गुण कापले जातात.

‘सगळे मोबाईलवर मिळते, मग आठवायचे कशाला?’ असे तरुण सहकारी विचारतात. मिळते, खरेच. पण मिळालेले ताडून पाहायला स्वतःजवळ काही असावे लागते; म्हाइंभट चार जणांना विचारत फिरले, ते पहिल्याचे लक्षात होते म्हणूनच.

गेल्या सत्रात आम्ही एम.ए.च्या वर्गात जात्यंध आणि हत्तीचा दृष्टांत एकदाच वाचला, पुस्तके मिटवली आणि आठवड्याने पाच जणांना तो लिहायला सांगितला. एकाच्या हत्तीचे शेपूटच गळाले. एकाने आंधळ्यांत न्यायनिवाडा करणारा पाटील आणला. एकीचा हत्ती तर थेट वणीच्या बाजारात उभा! पाचही कागद फळ्याशेजारी लावले आणि यांतली वासना कोणती, चूक कोणती, असे विचारले. तास संपल्याची घंटा झाली तरी भांडण मिटेना; पुढच्या तासाचे इतिहासाचे सर दारात ताटकळत उभे होते.