तिचे म्हणणे तिच्याच भाषेत

परित्यक्तेला तिच्या स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड मिळावे, ही मागणी सांगली-सातारा भागात १९८०च्या दशकात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने लावून धरली. बाईची ओळख नवऱ्याच्या नावावर टांगलेली नको, ही त्यामागची भूमिका. मग कर्णबधिर बाईचे म्हणणे तरी नवऱ्याच्या, सासूच्या तोंडून का ऐकायचे? मारणाराच दुभाषी झाला, तर तक्रार कसली लिहिली जाणार?

२०१३च्या दुरुस्तीने लैंगिक अत्याचाराची तक्रार करणाऱ्या अपंग स्त्रीचा जबाब दुभाषी किंवा विशेष शिक्षकासमक्ष, चित्रीकरणासह नोंदवणे बंधनकारक झाले. जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ही तरतूद आहे. मारहाण, हुंड्याचा छळ यांच्या तक्रारींनाही तोच नियम हवा.

पण दुभाषी नुसत्या कायद्याने तयार होत नाहीत. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. ते शिकावे लागते. आणि जिला लहानपणी ही भाषाच मिळाली नाही, तिच्यापुढे चांगला दुभाषीही हतबल होतो. म्हणून मुलींना आधी सांकेतिक भाषा आणि तिच्या आधाराने लिहिण्या-वाचण्याची मराठी, असे द्विभाषिक शिक्षण हवे. शिकवायला कर्णबधिर बायका हव्यात. दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राची सांकेतिक भाषा शिकवण्याची पदविका कर्णबधिरांसाठीच आहे.

मैत्रिणींनो, दोन्ही जिल्ह्यांत प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रशिक्षित दुभाषींची यादी आणि त्यांचे मानधन शासनाकडून मागू या. आणि आपल्या पुढच्या शिबिरात दुभाषी आहे का, हेही विचारू या.