निनावी धमकी आली तर



निनावी पत्र लिहिणाऱ्याला नाव नसते, पण हेतू असतो. ते पत्र शिक्षणसंस्थेला आले असेल तर हेतू बहुधा एकच : मुलांनी घाबरून घरी बसावे.

अमेरिकेत २०२२ साली घडलेली हकिगत यासाठी समजून घेण्यासारखी आहे. तिथे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली शंभराच्या आसपास कॉलेजे व विद्यापीठे आहेत. १८६५ साली गुलामगिरी संपली, पण गोऱ्यांच्या बहुतेक कॉलेजांची दारे बंदच राहिली. म्हणून ही विद्यालये उभी राहिली. वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ १८६७ चे, अटलांटाचे स्पेलमन हे मुलींचे कॉलेज १८८१ चे. बाबासाहेबांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहिले ते डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस अशाच फिस्क विद्यापीठात शिकलेले.

फेब्रुवारी हा तिथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना मानतात. नेमक्या १ फेब्रुवारी २०२२ ला डझनाहून अधिक संस्थांना बॉम्बच्या धमक्या आल्या. वर्ग बंद झाले, इमारतींची झडती झाली. बॉम्ब कुठेही सापडला नाही.

मग ही धमकी सरळ केराच्या टोपलीत टाकायची होती काय? मुळीच नाही. १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी ठेवलेल्या बॉम्बने चार मुलींचे प्राण घेतले होते. ज्या समाजाने असे दिवस पाहिले, त्याने धमकी हसण्यावारी न्यायची नसते.

अमेरिकेच्या एफ. बी. आय. ने हा वंशद्वेषाचा गुन्हा मानून तपास केला. यातील बहुतेक धमक्यांमागे एकच अल्पवयीन मुलगा असावा, असे नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केले. वयामुळे केंद्रीय कायद्याला मर्यादा पडली, म्हणून राज्याच्या कायद्याखाली कारवाई झाली. हजारो विद्यार्थ्यांची झोप उडवायला एक पोरगा पुरला! आपल्या घरातला मुलगा रात्री मोबाईलवर काय करतो, हे आईबापांनी पाहायला हवे ते याचसाठी.

आता आपल्या कामाचे. आम्ही कारकून मंडळी टपाल आले की आधी आवक रजिस्टरला नोंद करतो. धमकीचेही तसेच करावे. तारीख, वेळ, कोणत्या नंबरवरून किंवा पत्त्यावरून आली, कोणाच्या हाती पडली, हे लिहून ठेवावे. संदेश पुसू नये, त्याला उत्तर देऊ नये. कागद असेल तर हाताळू नये. फोन असेल तर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे टिपावेत. लगेच संस्थेच्या प्रमुखांना आणि ११२ वर पोलिसांना कळवावे. बेवारस पिशवी दिसली तर हात लावू नये. इमारत रिकामी करायची की नाही, हे संस्थेने पोलिसांच्या सल्ल्याने ठरवावे, गर्दीने नव्हे.

संस्थेचीही जबाबदारी आहे. एकाच अधिकाऱ्याने वेळोवेळी खरी माहिती द्यावी. माहिती दडवली की अफवा पिकतात. धमकीचा संदेश मोबाईलवर दहा जणांना पाठवणारा मनुष्य तर धमकी देणाऱ्याचा बिनपगारी नोकरच होतो. आणि पुराव्याशिवाय कोणा विद्यार्थ्याकडे बोट दाखवू नये. असे बोट आधी कोणाकडे वळते, हे आपल्याला सांगायला नको.

कायदा आपल्या बाजूला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१(४) प्रमाणे नाव लपवून धमकी देणाऱ्याला, धमकीच्या मूळ शिक्षेशिवाय, आणखी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

धमकी खोटी निघाली तरी भीती खरी असते. म्हणून मार्च २०२२ मध्ये अमेरिकन सरकारने धमक्या आलेल्या संस्थांसाठी प्रत्येकी ५० हजार ते दीड लाख डॉलरपर्यंतच्या मदतीची सोय जाहीर केली. सुरक्षेबरोबर विद्यार्थ्यांच्या मनाला आधार देणे, हाही त्यामागचा उद्देश होता.

आपल्याकडे हा आधार घरच्यांनी द्यायचा आहे. हॉस्टेलवरून मुलीचा घाबरलेला फोन आला तर तिचे पूर्ण ऐकून घ्या. सुरक्षित जागी थांबायला सांगा. गरज पडली तर भेटायला जा. पण "पुरे झाले शिक्षण, ये निघून" असे म्हणू नका. हे वाक्य आईबापांच्या तोंडून निघाले की धमकी देणाऱ्याचे काम बॉम्बशिवायच झाले.

जयभीम!