वाणिज्य सचिवांची कसोटी आदिलाबादच्या कापूस बाजारात

केंद्रीय वाणिज्य सचिवपदाची सूत्रे राजेश अग्रवाल यांनी १ ऑक्टोबर २०२५ रोजी स्वीकारली. मणिपूर केडरच्या १९९४ च्या तुकडीचे हे अधिकारी अमेरिकेशी चाललेल्या व्यापार वाटाघाटींत भारताची बाजू मांडत आले आहेत. त्यामुळे धोरणात सातत्य राहिले. मात्र अशा कारकिर्दीचे मोल केवळ करारांच्या संख्येवर ठरत नाही.

त्याच सुमारास पैनगंगेपलीकडील आदिलाबाद जिल्ह्यात कापसाचा हंगाम तोंडावर आला होता. अमेरिकेच्या ५० टक्के शुल्काने कापड उद्योग धास्तावला, तेव्हा केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क ३१ डिसेंबरपर्यंत माफ केले. अधिसूचना अर्थ मंत्रालयाची. पण कारण व्यापाराचे. गिरण्यांना दिलासा मिळाला. लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपयांचा हमीभाव मिळवून देण्याचा भार मात्र भारतीय कापूस महामंडळावर आला, आणि १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला कापूस महामंडळ घेत नाही.

स्वस्त आयातीची झळ गोव्यातील काजू बागायतदारांनाही ठाऊक आहे. शुल्कसवलत देताना पिकाचा हंगाम पाहावा, असा आग्रह वाणिज्य सचिवांनी धरला, तर त्यांच्या कारकिर्दीची ती मोठी कमाई ठरेल.