सोमवार नकोसा वाटतो तेव्हा...

रविवारी रात्री मेस बंद असते. मग रूमवर मॅगी, नाहीतर खालच्या गाडीवरची भुर्जी-पाव. नऊ वाजले की पोटात गोळा यायला लागतो. शर्टाला इस्त्री करायची असते, पण उठवत नाही. तेवढ्यात घरून फोन येतो. ‘काय रे, कसं चाललंय ऑफिस?’ आणि आपण म्हणतो, ‘मस्त!’

हे खोटं ‘मस्त’ म्हणणारे सीनियर तुमच्याही ओळखीचे असतील. वर्षभरापूर्वी कॉलेजच्या कट्ट्यावर ते तुमच्याबरोबर कटिंग पीत होते. प्लेसमेंट झाली तेव्हा पेढे वाटले, स्टेटस टाकलं. आता चार महिन्यांत मेसेज येतो, ‘यार, सोडून देऊ का?’ उद्या हा प्रश्न तुमच्यासमोरही येऊ शकतो. म्हणून तो आत्ताच समजून घेऊया.

अशा वेळी सल्ला द्यायला दोन प्रकारची माणसं पुढे येतात. रील्सवाले सांगतात, ‘सोड नोकरी, पॅशन फॉलो कर.’ घरातले काका म्हणतात, ‘आमच्या काळी हे असले लाड नव्हते.’ नक्की काय आवडत नाही, हे मात्र दोघांपैकी कुणीच विचारत नाही. खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

एक कागद घ्या आणि त्यावर चार रकाने करा : काम, माणसं, वेळ आणि प्रवास, पैसे. पंधरा दिवस, ज्या क्षणी वैताग येईल त्या क्षणी त्या-त्या रकान्यात एक रेघ मारा. समजा, लातूरहून पुण्यात आलेली एखादी बीकॉम मुलगी म्हणते, ‘मला अकाउंट्सचाच कंटाळा आलाय.’ पण पंधरा दिवसांनी बहुतेक रेघा प्रवासाच्या रकान्यात दिसल्या, तर तिला नोकरी नाही, रूम बदलायची गरज आहे. सगळ्या रेघा एकाच टीम लीडच्या नावावर असतील, तर दुसऱ्या टीममध्ये जाता येईल का, हे आधी विचारून बघा. आणि मेकॅनिकल शिकून सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागलेल्या मुलाच्या रेघा ‘काम’ या रकान्यातच भरल्या, तर टीम बदलून फरक पडणार नाही. त्याला क्षेत्रच बदलावं लागेल, आणि त्यासाठी तयारी लागेल.

तयारी म्हटलं की पहिला विषय पैशांचा. शैक्षणिक कर्ज असेल तर कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ता सुरू होतो, आणि तो तुमच्या मूडकडे बघून थांबत नाही. म्हणून रूमचं भाडं, मेस, हप्ता आणि घरी पाठवायची रक्कम यांची बेरीज करा. निदान तीन महिने पुरेल एवढी शिल्लक वेगळ्या खात्यात जमली, की राजीनाम्याचा विचार डोकं शांत ठेवून करता येतो. पीएफचे पैसे मात्र या हिशोबात धरू नका. तुमच्या मूळ पगारातून १२ टक्के कापले जातात, कंपनीही तेवढेच भरते. त्यातला काही भाग पेन्शनकडे जातो. नोकरी बदलली तरी तुमचा यूएएन नंबर तोच राहतो. त्यामुळे पैसे काढण्यापेक्षा नव्या ठिकाणी ट्रान्सफर करा. पाच वर्षं व्हायच्या आत काढले तर त्यावर कर लागू शकतो.

दुसरा विषय कागदपत्रांचा. ऑफर लेटर आलं की आपण फक्त पॅकेजचा आकडा वाचतो. नोटीस पीरियड किती, बॉण्ड आहे का, रक्कम किती, हेही वाचा. बॉण्ड म्हणजे नुसता घाबरवायचा कागद, असं समजू नका. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची ‘तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरा’ ही अट वैध ठरवली आहे. याचा अर्थ कंपनीने लिहिलेला प्रत्येक आकडा योग्यच असतो, असं नाही. पण सही करण्याआधी जाणकार माणसाला दाखवायला काय हरकत आहे? मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवायला देऊ नका. आणि कितीही डोकं फिरलं तरी न सांगता गायब होऊ नका. पुढची कंपनी रिलीव्हिंग लेटर मागते.

तिसरा विषय, तिथे असेपर्यंत काय करायचं? अभिनेते अमरीश पुरी यांनी मुंबईत कर्मचारी राज्य विमा महामंडळात वीसेक वर्षं नोकरी केली आणि ती सांभाळत नाटकं केली. हे उदाहरण छान आहे, पण जसंच्या तसं उचलू नका. तुमची शिफ्ट दहा-बारा तासांची असेल तर संध्याकाळ उरतच नाही. म्हणून छोटं काहीतरी ठरवा. आठवड्याचे चार तास, एकच कौशल्य. शिवाय, न आवडणाऱ्या जागीही शिकण्यासारखं एखादं काम असतंच. एक्सेल असेल, चिडलेल्या ग्राहकाशी बोलणं असेल, नीट ईमेल लिहिणं असेल. ते पदरात पाडून घ्या. आणि कॅलेंडरवर एक तारीख लिहा. त्या दिवशी यादी परत काढायची आणि निर्णय घ्यायचा. तारीख ठरली की रोज सकाळी ‘राहू की सोडू’ हा खेळ बंद होतो.

मात्र ‘आवडत नाही’ आणि ‘सहन होत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवीगाळ, थकवलेला पगार, नको असलेला स्पर्श, घाणेरडे मेसेज यांना कंटाळ्याच्या यादीत जागा नाही. दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तक्रार लेखी द्यायची असते, साधारणपणे तीन महिन्यांच्या आत. झोप उडाली, जेवण जात नाही, जगणंच नकोसं वाटतंय, अशी वेळ आली तर कॅलेंडरवरच्या तारखेची वाट बघू नका. टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत बोलता येतं. अशा वेळी नोकरी सोडणं म्हणजे पळ काढणं नव्हे.

राहता राहिला घरचा फोन. बाबांनी गावभर सांगितलंय की पोरगा पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. त्यांचा हिरमोड करायचा नाही म्हणून आपण ‘मस्त’ म्हणत राहतो, आणि एक दिवस थेट राजीनाम्याची बातमी देतो. त्यांना धक्का बसतो, कारण मधलं काहीच त्यांना ठाऊक नसतं. त्यापेक्षा पुढच्या रविवारी म्हणा, ‘आई, काम फारसं आवडत नाहीये गं. पण काय करायचं ते मी ठरवतोय.’ ती थोडी काळजी करेल, दोन प्रश्न जास्त विचारेल. पण सोमवारचं ओझं तुम्ही एकट्याने उचलत नाही आहात, एवढं तरी तुम्हा दोघांनाही कळेल.