आंबिल ओढा : भिंती की काठ?

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्याच्या दक्षिण भागात जो अनर्थ घडला, त्याला मुठा नदी कारण नव्हती. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हापासून पूर म्हटला की पुणेकरांच्या डोळ्यांपुढे मुठाच उभी राहते. त्या रात्री मात्र कात्रजच्या डोंगरातून उतरणाऱ्या आणि एरवी केवळ सांडपाण्याचा नाला म्हणूनच ठाऊक असलेल्या आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल या भागांत हाहाकार उडविला. टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे गाडली गेली. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक जणांनी प्राण गमावले. अतिवृष्टी हे या दुर्घटनेचे निमित्त होते. कारणे अधिक जुनी आहेत आणि ती आकाशातून पडलेली नाहीत.

हा ओढा काही उपरा नव्हे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजला तलाव बांधून भूमिगत नळाने शहराच्या हौदांना पाणी पुरविले गेले. याच ओढ्याला बांध घालून पर्वतीच्या पायथ्याशी तळे निर्माण झाले आणि जुन्या गावालगतचा त्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळविण्यात आला. ओढा हटला म्हणून पेठांना वाढण्यास जागा मिळाली. पुढे ते तळेही आटवले गेले. तळ्यातला गणपती राहिला आणि भोवती सारसबाग झाली. तेव्हा ओढ्याशी माणसाने कधीच छेडछाड केली नव्हती, असे म्हणण्यात अर्थ नाही. परंतु पेशवाईतल्या त्या कामात पाणी साठविण्याची, मुरविण्याची आणि उरलेले वाट देऊन सोडण्याची योजना होती. गेल्या काही दशकांत जे झाले, त्यात पाण्याला घाईघाईने पुढे ढकलण्यापलीकडे काही योजना दिसत नाही.

डोंगरउतारावर माती आणि गवत असते तेव्हा पावसाचे बरेचसे पाणी जिरते आणि उरलेले सावकाश ओढ्यात येते. त्याच उतारावर इमारती, डांबरी रस्ते आणि फरसबंदी अंगणे झाली की तेच पाणी जवळजवळ सगळे आणि थोड्या वेळात खाली येते. वेग वाढलेला प्रवाह प्रथम तळ खरवडतो. तळ खोल गेला की काठ उभे आणि उंच होतात, त्यांचा पायाच निघतो आणि ते ढासळतात. ढासळलेली माती पुढच्या पुलाच्या मोरीत साचते. तेथे पाणी तुंबून वस्तीत शिरते. मग एका काठाला भिंत बांधली जाते. भिंतीवर आदळलेला प्रवाह समोरचा काठ खातो, म्हणून तिकडेही भिंत येते. दोन भिंतींमध्ये कोंडलेल्या पाण्याचा वेग आणखी वाढतो आणि भिंत जेथे संपते तेथे नवी खांड पडते. ही साखळी कोणत्याही अभियंत्यास ठाऊक असते. तरीही प्रत्येक पुरानंतर पहिली निविदा निघते ती भिंतीचीच, कारण भिंत मोजता येते, तिचे देयक काढता येते आणि तिच्यापुढे उभे राहून उद्‌घाटनही करता येते.

सिंगापूरमध्ये बिशान येथील उद्यानालगत कलांग नदी अशाच काँक्रीटच्या सरळ कालव्यात बंदिस्त होती. तेथील शासनाने सुमारे 2.7 किलोमीटरचा तो कालवा फोडून उद्यानातूनच वळणे घेत जाणारा सुमारे 3.2 किलोमीटरचा प्रवाह घडविला; 2012 मध्ये हे काम पुरे झाले. काठांना मंद उतार दिला, पायाशी दगड रचले आणि मुळांनी माती धरून ठेवणारी झाडे लावली. कोरड्या दिवसांत मुले काठावर खेळतात, अतिवृष्टीत तेच मैदान पाण्याखाली जाते. यात चमत्कार काही नाही. पुराला पसरण्यासाठी सरकारी मालकीची, माणूस राहत नाही अशी जागा दिली गेली, इतकेच. सेऊलमध्ये उड्डाणमार्ग पाडून 2005 मध्ये मोकळ्या केलेल्या ओढ्याचे गुणगान आपल्याकडे अधिक होते. पण त्यात पंपाने आणलेले पाणी वाहते, आणि आपल्या महापालिकांच्या ‘सुशोभीकरणा’च्या हौसेला तोच नमुना आवडण्याची भीती आहे.

पुण्याला हा विचार अगदीच नवा आहे असेही नाही. कोरेगाव पार्कमध्ये घाणेरड्या नाल्याकाठच्या सुमारे बारा एकर पडीक जागेवर ओशो तीर्थ उद्यान उभे राहिले. लोक त्याला ‘नाला पार्क’ म्हणूनही ओळखतात. मात्र उद्यानाच्या कुंपणाआत ओढा सुधारला तरी वरच्या अंगाने येणारे मैलापाणी थांबत नाही. ते थांबविल्याशिवाय आंबिल ओढ्याच्या काठी करंज, उंबर, वाळुंज लावणे म्हणजे गटाराला तोरण बांधणे होय.

सर्वांत कठीण प्रश्न जागेचा आहे. 24 जून 2021 रोजी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतील घरे पाडण्यास सुरुवात झाली, तेव्हा ओढ्याच्या ‘सरळीकरणा’चे कारण पुढे करण्यात आले. रहिवाशांनी तीव्र विरोध केला आणि त्याच दिवशी न्यायालयाने कारवाईस स्थगिती दिली. भर पावसाळ्यात गरिबांच्या डोक्यावरचे छप्पर काढणे अमानुष होतेच. पण त्या धामधुमीत मूळ मुद्दा बाजूस पडला. प्रवाह सरळ केल्याने त्याचा वेग वाढतो, म्हणजे ज्या रोगावर औषध हवे तोच बळावतो. शिवाय ओढ्याचे पात्र केवळ झोपड्यांनी अडविलेले नाही. रीतसर परवानगीने उभ्या राहिलेल्या इमारती, त्यांच्या संरक्षक भिंती, वाहनतळ आणि अरुंद मोऱ्यांवरून नेलेले रस्ते यांनीही ते तेवढेच आवळले आहे. ज्यांचे नकाशे मंजूर झाले त्यांच्या बाजूने भिंत आणि ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांच्या दारात बुलडोझर, हा न्याय ओढ्याच्या पाण्याला कळत नाही. ज्यांना हलवावेच लागेल त्यांना जवळपास घर आधी मिळाले पाहिजे. आणि जेथे उद्यान, शाळेचे मैदान वा मोकळी आरक्षित जागा ओढ्याला लागून आहे, तेथे भिंतीऐवजी काठ खाली उतरवून पाण्याला शिरू देण्याचे काम प्रथम हाती घेतले पाहिजे. त्यासाठी कोणाचेही घर पाडावे लागत नाही.

अडचण पैशाची कमी आणि कारभाराची अधिक आहे. मैलापाणी एका विभागाकडे, उद्यान दुसऱ्याकडे, पूल तिसऱ्याकडे आणि बांधकाम परवानगी चौथ्याकडे; ओढा मात्र कोणाचाच नाही. त्यातून काठावर लावलेली झाडे माती धरू लागण्यास दोन-तीन पावसाळे जावे लागतात, तोवर कोणीतरी त्यांना जपावे लागते, वाहून गेलेला दगड पुन्हा बसवावा लागतो. नालेसफाईचा ठेका मात्र दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर निघतो आणि पहिल्या मोठ्या सरीबरोबर संपतो.