घरांतील ध्वनियंत्राची निगा

वस्तु विकत आणण्यास पैसा लागतो. ती राखण्यास संवय लागते. मुलांस पैसा मिळविण्याचें शिक्षण मिळावें म्हणून आपण जितकी काळजी वाहतों, तितकी ही संवय लावण्याविषयीं वाहत नाहीं, असें आम्हांस वाटतें. याचें एक अगदीं घरगुती उदाहरण म्हणजे गाणें ऐकण्याचें यंत्र.

शिरूर कासार या आपल्या गांवाच्या नांवांतच कासार आहे. तांब्यापितळेच्या भांड्यास चीर गेली तर त्यास डाग देत, कल्हई उडाली तर पुन्हां करून घेत; आजीचें घंगाळ नातीच्या संसारांत चाले. आज मात्र ध्वनिसंचाचा एक स्पीकर मुका झाला कीं सबंध संच माळ्यावर जातो, आणि पुष्कळदां दोष असतो तो वीतभर तारेंत.

पूर्वीच्या यंत्रानें निगा सक्तीनें शिकविली होती. १९०२ सालीं कलकत्त्यास गोहरजान यांचें गाणें मुद्रित झालें, व पुढें लाखेच्या तबकड्या महाराष्ट्रांतील सधन घरांतहि आल्या. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीस प्रत्येक वेळीं चावी द्यावी लागे, पोलादी सुई वरचेवर बदलावी लागे, धूळ पुसावी लागे. १९६३ सालीं कॅसेट निघाली व पुढें सर्व कांहीं एका कळीवर आलें. सोय वाढली, परंतु यंत्राच्या अंतरंगाशीं असलेली आपली ओळख तुटली.

ती ओळख पुन्हां करून घेणें कठीण नाहीं. संच बंद पडतांच त्यावर थाप मारणें हा आपल्याकडील सार्वत्रिक उपाय होय. तो सोडून क्रमानें विचार करावा. प्रथम वीज येते कीं नाहीं हें पाहावें, मग फ्यूज, मग तारांचे सांधे, मग आवाजाची कळ. फ्यूज उडाला असल्यास तेवढ्याच शक्तीचा दुसरा घालावा. जाड तार गुंडाळून काम भागविणें म्हणजे पहारेकऱ्यास झोंपवून दार उघडें टाकण्यासारखें आहे. गुणगुण सतत ऐकूं येत असेल तर बहुधा एखादी तार सैल असते किंवा जमिनीशीं जोडणी नीट नसते. आवाज येतो पण खर्ज पोकळ वाटतो, अशा वेळीं एका स्पीकरच्या तांबड्या व काळ्या तारा उलट जोडल्या आहेत कीं काय तें पाहावें.

दोन स्पीकर असलेल्या संचांत तर दोष शोधण्याची एक उत्तम युक्ति आहे. डावा स्पीकर मुका आहे असें समजा. संच बंद करून दोन्ही स्पीकरांच्या तारांची संचाच्या मागील बाजूस अदलाबदल करावी व पुन्हां सुरू करावा. डावाच मुका राहिला तर दोष त्या स्पीकरांत किंवा त्याच्या तारेंत आहे. डावा बोलूं लागला आणि उजवा मुका झाला, तर स्पीकर निर्दोष असून दोष अलीकडे, संचांत आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची आणि काय झालें तें नीट पाहावयाचें, ही प्रयोगशाळेंतील पद्धति होय. ज्या मुलानें किंवा मुलीनें ती घरीं एकदां अनुभवली, त्यास विज्ञानाचें पुस्तक परकें वाटणार नाहीं.

आपल्या तालुक्यास आणखी एका कारणानें सावध राहावें लागतें. अनेक कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात व उन्हाळ्यांत परततात. तितके महिने बंद घरांत उंदीर तारा कुरतडतात, धूळ सांचते, आणि यंत्रांत राहिलेले सेल पाझरून पितळी पट्ट्या खाऊन टाकतात. निघतांना सेल काढावे, प्लग उपसावा व यंत्र कापडांत गुंडाळून ठेवावें. या कामास पाव तासहि लागत नाहीं. वळवाच्या विजा चमकूं लागल्या म्हणजे गांवांत राहणाऱ्यांनींहि प्लग काढून ठेवावा.

यावर कोणी म्हणेल, नवीन यंत्र स्वस्तांत मिळतें, तेव्हां जुन्यासाठीं एवढा खटाटोप कशास? आमचें उत्तर असें कीं, यंत्र नवें मिळेल, परंतु त्यांत वाजणारा आवाज मिळणार नाहीं. आपल्याच सिंदफणेच्या कांठीं खालीं माजलगांव आहे. तेथील भीमनगर वस्तींतील स्त्रियांच्या ओव्या १९९६ सालीं ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा रायरकर व गी पॉइटव्हॅं यांनीं ज्या कार्यांत महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्याच कार्याचा तो भाग होता. जातें थांबलें तरी तो आवाज आज ऐकतां येतो, कारण कोणीतरी तो टिपला आणि जपला. आपल्या घरच्या जुन्या कॅसेटींतहि एखाद्या आजीची ओवी, आजोबांचें भारूड, लग्नांतील मंगलाष्टकें असतील. त्यांची दुसरी प्रत जगांत कोठेंहि नाहीं.

असा ठेवा आधीं घाणेरड्या यंत्रांत घालूं नये. फीत जेथून जाते तें धातूचें डोकें आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्यें भिजविलेल्या कापसाच्या बोळ्यानें पुसावें व कोरडें होऊं द्यावें. मळामुळें आवाज घुसमटतो. स्वर डळमळत असतील तर आंतील रबरी पट्टा सैल झाल्याचा संशय घ्यावा. आधीं एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट वाजवून पाहावी. कॅसेटी उन्हांत किंवा स्पीकरच्या लोहचुंबकाजवळ ठेवूं नयेत. आणि यंत्र चालूं लागलें कीं सर्वांत प्रथम तो आवाज संगणकावर उतरवून घ्यावा.

मर्यादाहि सांगितली पाहिजे. वीज तोडल्यावरहि संचाच्या आंत कांहीं काळ धोकादायक विद्युत्‌भार राहूं शकतो. म्हणून पेटी उघडण्याचें काम जाणत्या कारागिराचें. मुलांनीं बाहेरील तारा, सफाई व परीक्षा एवढेंच करावें, तेंहि प्लग काढून व मोठ्यांच्या देखत. परंतु कारागिराकडे जातांना "बंद आहे" एवढेंच न सांगतां "डावा स्पीकर चांगला आहे, दोष आंत आहे" असें सांगतां आलें, तर वेळ व पैसा दोन्ही वांचतात.

पालकांस आमची विनंति आहे कीं, "हात लावूं नको" हें वाक्य थोडें कमी करावें व "चल, दोघें मिळून पाहूं" हें वाक्य अधिक वेळां उच्चारावें. विद्यार्थ्यांनीं येत्या सुटींत माळ्यावरील एक मुकें यंत्र खालीं काढावें. तें बोलूं लागलें तर उत्तमच. न बोललें तरी तें कां बोलत नाहीं हें ज्यास समजलें, त्याची सुटी वायां गेली असें आम्ही म्हणणार नाहीं.